शेवटच्या चित्रापुढचं शून्य

मंदाकिनी रिसबुडांनी जयसिंगरावांना पाहण्याआधी ऐकलं.

वाचा-श्रवण विभागाच्या लांबट खोलीचे प्लायवूड लावून दोन भाग केले होते. आत टेबल, दोन खुर्च्या आणि काचेचं कपाट. बाहेर नातेवाइकांसाठी बाक. वाचा-उपचार करणाऱ्या मंदाकिनीबाई आत एका नव्या रुग्ण बाईंना चित्रांची कार्डं दाखवत होत्या. कात्रीचं कार्ड वर धरलं. बाईंनी दोन बोटांनी कापल्यासारखं केलं, ओठ हलवले, "ते... ते कापायचं..." म्हणाल्या आणि अडल्या. तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडून घोगरा आवाज आला, "कातर!"

मंदाकिनीबाईंनी दुर्लक्ष केलं. पुढचं कार्ड छत्रीचं होतं.

"छत्री!"

त्या उठून बाहेर गेल्या. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, वय साठीला टेकलेलं, असे एक गृहस्थ बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. तिथून, उघड्या दारातून, कपाटाच्या काचेत आतली कार्डं दिसत होती.

"अहो, परीक्षा त्यांची आहे की तुमची?"

"तिचीच की."

"मग उत्तरं तुम्ही का देताय?"

"तिला समदी ठाऊक हायत, बाई. नुसता वेळ लागतोय. म्हटलं, तुमचा खोळंबा नको."

चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मंदाकिनीबाईंनी त्यांना जिन्याशी जाऊन बसायला सांगितलं. ते गेले; पण जाताना दारातून आत डोकावून बायकोला म्हणाले, "घाई करू नको. म्यॅडम चांगल्या हायत."

जयसिंगराव मूळचे कोथरूडचे. कोथरूड गाव होतं तेव्हा त्यांची तिथे थोडी बागाईत होती. वांगी, मेथी, कडेला ऊस. पुढे गावावर सोसायट्या उगवल्या. ज्या विहिरीवर त्यांचं पाणी होतं, ती बुजवून तिथे एका इमारतीची पार्किंगची जागा झाली, आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. पत्ता सांगताना ते अजून "विहिरीपाशी" म्हणायचे आणि रिक्षावाले चक्रावायचे.

भाजी पिकवायचे जयसिंगराव आणि विकायच्या त्यांच्या बायको मुक्ताबाई. मंडईत गिऱ्हाइकाशी बोलणं, भावाला चिकटून राहणं, सोयऱ्याधायऱ्यांत मानपान सांभाळणं, मुलांच्या शाळेत जाऊन मास्तरांशी भांडणं, हे सगळं त्यांचं खातं. जयसिंगरावांना उभ्या आयुष्यात फारसं बोलावंच लागलं नव्हतं. कुणी काही विचारलं की ते बायकोकडे बघायचे.

आणि एका सकाळी गच्चीवर कुरडया घालताघालता मुक्ताबाई खाली बसल्या त्या आपल्या आपण उठल्या नाहीत. उजवा हात-पाय हळूहळू परत आला. बोलणं काही पुरतं आलं नाही. ऐकलेलं बहुतेक कळायचं, मनात काय आहे तेही चेहऱ्यावर दिसायचं, पण ऐन वेळी शब्द निसटायचा. कधी मिठाला साखर म्हणायच्या आणि स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायच्या. याला वाचाघात म्हणतात. दवाखान्यातून त्यांना मंदाकिनीबाईंकडे पाठवलं होतं, आणि गेल्या काही महिन्यांत जयसिंगराव आयुष्यात बोलले नव्हते इतकं बोलायला लागले होते.

मंदाकिनीबाईंचंही एक काम त्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊच्या सुमाराला, संपत आलं होतं. मराठी माणसाचा वाचाघात मोजायला त्यांनी मराठी चाचणी तयार केली होती. परदेशी चाचण्या होत्या, पण त्यांच्यात बर्फाचा माणूस आणि तिकडची निमुळती, वल्ह्याची होडी. पुण्यातल्या धडधाकट माणसालाही त्यांची नावं पटकन सुचायची नाहीत, मग आजाऱ्याचं काय मोजणार? त्यांनी बर्फाचा माणूस काढला, पाटा-वरवंटा घातला. होडी काढली, पोळपाट घातला. एकेका चित्रासाठी सहकाऱ्यांशी वाद घातले. या चाचणीवर शोधनिबंध लिहून तो परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवायचा होता.

चाचणीच्या शेवटी घरच्या माणसांचे फोटो होते. कुटुंबानेच ते आणायचे आणि रुग्णाने नावं सांगायची. ही कल्पना मूळ परदेशी चाचणीतली. मंदाकिनीबाईंना ती इतकी सरळ वाटली की तिच्यावर त्यांनी वाद घातलाच नाही. चाचणी आधी निरोगी माणसांवर करून बघावी लागते. त्यासाठी त्यांनी आपल्या आईचं भिशी मंडळ धरलं होतं. पेठेतल्या, पेन्शनरांच्या बायका. सगळ्यांनी नवऱ्याचं नाव खणखणीत सांगितलं. एकीने तर नावाच्या आधी विशेषणही लावलं.

मुक्ताबाईंनी थोरल्या मुलाच्या फोटोवर बोट ठेवून "संबा" म्हटलं. तो संभाजी. सुनेच्या फोटोला "शकू" म्हणाल्या, थोड्या प्रयासाने. मग शेवटचा फोटो आला: जयसिंगराव, टोपी घातलेले, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारे.

मुक्ताबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हसल्या. खाली बघितलं. मग खिडकीकडे बघितलं.

"सांगा ना, हे कोण?"

"हे," मुक्ताबाई म्हणाल्या.

"नाव काय यांचं?"

पुन्हा तेच हसू. ठरलेला अवधी संपला. चाचणीच्या नियमाप्रमाणे मंदाकिनीबाईंनी रकान्यात शून्य लिहिलं.

महिन्याच्या शेवटी त्या घरच्यांना निकाल समजावून सांगत. जयसिंगरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्ये काय?"

"तुमचं नाव त्यांना सांगता आलं नाही."

"सांगता आलं न्हाई का सांगितलं न्हाई?"

मंदाकिनीबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले. आपली आजी जन्मभर आजोबांना "अहो, ऐकलं का" म्हणत आली, हे काय आपल्याला माहीत नव्हतं? बर्फाचा माणूस दिसला आणि हे कसं दिसलं नाही?

"पूर्वी कधीच घ्यायच्या नाहीत का नाव?"

"लग्नात घेतलं. बारशात घेतलं. बायकांनी लईच धरलं तर हळदीकुंकवाला. येरवी कशापायी घेईल?"

"म्हणजे नाव त्यांना येतंय, पण त्या घेत नाहीत?"

"आसंच आसंल," जयसिंगराव म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "का डोक्यातनंच गेलं आसंल?"

इथून पुढे कुणालाच काही कळेनासं झालं.

मंदाकिनीबाईंनी वाटा बदलून बघितल्या. मुक्ताबाईंना लिहायला-वाचायला येत नव्हतं, म्हणून मान हलवायला सांगितलं. "यांचं नाव दत्तोबा?" मुक्ताबाईंनी जोरात नकार दिला. "आप्पासाहेब?" नकार. "जयसिंग?" मुक्ताबाई हसून खिडकीकडे बघायला लागल्या. मंदाकिनीबाईंना वाटलं, आलं हाताशी. खात्री करावी म्हणून त्यांनी विचारलं, "संभाजी?" तर मुक्ताबाईंनी लगबगीने होकार दिला. संभाजी तर मुलगा. नवऱ्याचं नाव चुकलं, की प्रश्नाचा अर्थ चुकला, की एकदाचं काहीतरी कबूल करून ही बया गप्प बसवावी, असं मुक्ताबाईंना वाटलं?

घरी मंदाकिनीबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. श्रीधर रिसबूड बँकेतून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र खाली न करता ऐकत होते.

"श्रीधर, तू ऐकतोयस का?"

"सकाळपासून तू माझं नाव किती वेळा घेतलंस ते मोजतोय. कौतुकाने एकदाही नाही. त्या बाईंचं शून्य परवडलं."

दोन दिवसांनी मंदाकिनीबाईंना उखाणा आठवला. इतका सोपा उपाय सुचायला इतके दिवस लागावेत, याचं त्यांना हसूही आलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, "मुक्ताबाई, हळदीकुंकू आहे असं समजा. घ्या बघू उखाणा."

मुक्ताबाई ताठ बसल्या. पदर सारखा केला. आणि एका दमात, एकही शब्द न अडखळता म्हणाल्या:

"पाटाच्या पाण्याला उसाची गोडी, जयसिंगरावांच्या हाती बैलांची जोडी."

बाहेर बाक करकरला. जयसिंगराव परवानगी न विचारता आत आले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग मंदाकिनीबाईंकडे. डोळे भरलेले. "ऐकलं न्हवं? ऐकलं न्हवं तुम्ही? आता ते शून्य खोडा."

मंदाकिनीबाईंनाही ते खोडावंसं वाटत होतं. पण त्यांच्या विद्येनेच त्यांचा हात धरला. वाचाघाताच्या माणसाला आरती म्हणता येते, आकडे ओळीने म्हणता येतात, ओव्या म्हणता येतात, आणि त्याच आरतीतला एक शब्द सुटा विचारला तर सांगता येत नाही. पाठ झालेलं आपोआप घरंगळत येतं. त्यावरून शब्द हाताशी आहे असं म्हणता येत नाही. त्यांनी हे जयसिंगरावांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हंजे तिनं माझं नाव घेतलं, पर ते माझं न्हवतं?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मंदाकिनीबाईंनी स्वतःच उखाणा सुरू केला. "पाटाच्या पाण्याला उसाची गोडी..." आणि नावाच्या जागी थांबून मुक्ताबाईंकडे बघितलं. मुक्ताबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, पदर पुढे ओढला आणि हसल्या. लाजून हसल्या की चुकल्यासारखं हसल्या, हे आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचत आलेल्या मंदाकिनीबाईंना सांगता येईना.

निबंध पाठवायची मुदत आली होती. त्यांनी तो तसाच पाठवला. मुक्ताबाईंच्या ओळीत शून्य, आणि खाली चार ओळींची टीप: रुग्ण ज्या समाजातल्या आहेत तिथे पत्नी पतीचं नाव घेत नाही, उखाण्यात मात्र रुग्णाने ते घेतलं. जयसिंगरावांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा रागावले.

"छापलं की कायम झालं, बाई. मुक्ता नवऱ्याचं नाव विसरली असं पुस्तकात येणार."

"त्यात त्यांचं नाव नसतं. फक्त क्रमांक असतो. चौदा नंबर. कुणाला कळणार नाही त्या कोण ते."

"मला कळंल की."



चार-पाच महिन्यांनी संपादकांची ई-मेल आली. दोन परीक्षकांनी निबंध वाचला होता. पहिल्याचं म्हणणं असं की उखाण्यात येणारं आणि एरवी न येणारं नाव हाच या निबंधातला सर्वांत मौल्यवान भाग आहे. यातून पाठ झालेली भाषा आणि सुटा शब्द मेंदूत वेगळे राहतात हे दिसतं. हे विस्ताराने लिहावं. दुसऱ्याचं म्हणणं नेमकं उलट. रूढीमुळे जो प्रश्न विचारणंच चूक, त्याच्या उत्तरावरून मेंदूबद्दल अवाक्षर काढू नये. सगळा मजकूर गाळावा. संपादकांनी शेवटी विनंती केली होती की दोन्ही परीक्षकांचं समाधान करावं.

जयसिंगराव दर गुरुवारी "आलं का काही?" म्हणून विचारायचे. मंदाकिनीबाईंनी ते सगळं त्यांना मराठीत सांगितलं.

"ह्या दोघांनी हिला बघितलंय का?"

"नाही."

"तुम्हांला?"

"नाही."

"बरं, तुम्ही त्यांना वळखता?"

"नाही हो. परीक्षक कोण ते लेखकाला सांगत नाहीत. पद्धतच आहे तशी. त्यांची नावं घेत नाहीत."

जयसिंगराव मुक्ताबाईंकडे वळून म्हणाले, "बघ. ह्येंच्यात बी घेत न्हाईत."

मुक्ताबाई खळखळून हसल्या. मंदाकिनीबाईंनाही हसू आवरलं नाही. पण हसता हसता त्यांना वाटून गेलं, हा विनोद मुक्ताबाईंना कळला, तर त्यांना बरंच काही कळत असणार. आणि लगेच दुसरं वाटलं, नवरा हसरा चेहरा करून काही बोलला म्हणूनही त्या हसल्या असतील.

पहिल्या परीक्षकाचं ऐकून त्यांनी एक मजकूर लिहिला. दुसऱ्याचं ऐकून दुसरा. दोन्ही वाचताना खरे वाटायचे. श्रीधर रिसबुडांनी दोन्ही वाचले आणि ते म्हणाले, "दोन्ही पाठव. त्यांना काय, त्यांनाही आपण कोण ते माहीत नाही."

पुढच्या गुरुवारी जयसिंगराव एकटेच आले. मुक्ताबाईंना ताप होता. ते आत येऊन मुक्ताबाईंच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ कार्डांचा गठ्ठा सरळ करत राहिले.

"बाई, ते शून्य ऱ्हाऊ द्या."

"का हो? इतके दिवस खोडा म्हणत होतात."

"रोज रातच्याला जेवण झालं की मी तिच्याम्होरं बसतो. म्हणतो, एक डाव घे नाव. कुणी न्हाई ऐकायला. पोरं त्यांच्या खोलीत. ती नुसती हसती. परवा मी जरा आवाज चढीवला, तर रडायला लागली." त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "आता तुम्हीच सांगा. तिला येतंय, आन् मी इतकं गयावया करतोय, तरी घेत न्हाई, आसं आसंल, तर मग मी इतकी वर्सं कुणासंगं काढली? त्यापरीस विसरली आसंल तर बरं. आजार हाय म्हणता येतं."

मंदाकिनीबाईंनी कागद पुढे ओढला.

"थांबा," जयसिंगराव म्हणाले. "विसरली आसंल तर मी तिला उगाच रडीवलं."

"मग काय लिहू?"

"मला काय कळंना बघा."

त्या दिवशी चाचणी नव्हती, रुग्ण नव्हत्या, तरी दोघं तिथेच बसून राहिले. आनंदीबाई, विभागातल्या जुन्या मदतनीस, चहा घेऊन आल्या आणि दोघांकडे बघून म्हणाल्या, "आज कुणाची वाचा गेलीय?"

मंदाकिनीबाईंनी शेवटी संपादकांना लिहिलं की रुग्णाला नाव येत नाही की रुग्ण ते घेत नाहीत, हे आपल्याला ठरवता आलेलं नाही. रकान्यात शून्य न लिहिता तेवढंच लिहावं. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. तक्त्यात आकडा हवा. आकडा नसेल तर बाकीच्या रुग्णांशी तुलना होत नाही. तेव्हा घरच्या माणसांच्या फोटोंचा तो भाग सगळ्याच रुग्णांच्या चाचणीतून वगळावा, म्हणजे प्रश्नच मिटला. शब्दसंख्याही कमी होईल. मंदाकिनीबाईंनी दोन दिवस विचार केला आणि मान्य केलं. दोन्ही परीक्षकांनी समाधान झाल्याचं कळवलं.

निबंध छापून आला तेव्हा त्यांनी एक प्रत जयसिंगरावांसाठी काढून ठेवली. दोघं नवरा-बायको आले. मुक्ताबाईंचं बोलणं तोवर बरंच सुधारलं होतं. मिठाला मीठ म्हणत होत्या, रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून वाद घालून आल्या होत्या.

मंदाकिनीबाईंनी पान उघडून चौदावी ओळ दाखवली. "या तुम्ही, मुक्ताबाई."

जयसिंगरावांनी ओळीवरून बोट फिरवलं. "नावाचा रकाना कुठं हाय?"

"काढला. आता ही चाचणी जिथे जिथे होईल, तिथे तो प्रश्न नसेल."

"म्हंजे कुणालाच इचारणार न्हाई?"

"नाही."

"बरं केलं." त्यांनी पानावरचं बोट उचललं. "पर मग मला कवा कळायचं?"

"ते मलाही ठाऊक नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत रुग्णाच्या नातेवाइकाला दिलेलं त्यांचं ते सर्वांत प्रामाणिक उत्तर असावं, पण त्याने त्यांना बरं वाटलं नाही. मुक्ताबाईंनी नवऱ्याच्या हातातून पुस्तक घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. "चला," त्या जयसिंगरावांना म्हणाल्या. "बस जाईल."

ते निघाले. जिन्याशी जयसिंगराव थांबले, मागे वळले, काही विचारायचं होतं. मग हात जोडून खाली उतरले. त्यानंतर ते गुरुवारी आले नाहीत. यायची गरज उरली नव्हती.

मंदाकिनीबाई आता निवृत्त आहेत. चाचणी इतर ठिकाणीही वापरतात, आणि तरुण मुली कधीकधी फोन करून विचारतात, की मॅडम, यात घरच्या माणसांचा भाग का नाही? त्या सांगायला लागतात आणि मध्येच थांबतात, कारण काय सांगायचं ते त्यांचं अजून ठरत नाही.

जयसिंगराव आणि मुक्ताबाई हल्ली कर्वेनगरला धाकट्या मुलाकडे राहतात. जयसिंगरावांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. उजव्याचं दिवाळीनंतर करायचं आहे, आणि तोवर त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब मुक्ताबाई घालतात.